मापातली घडी

दामिनीनं घडी काउंटरवर आपटली नाई, कारण ती महागाची होती. बाकी सगळं तिनं आपटलं. थैली, छत्री, अन् आवाज.

"याले सर्विसिंग म्हणतात का भाऊ? काल भर बाजारात बाबाच्या हातातून घडी सुटली अन् सिधी माह्या झिंग्यायच्या टोपल्यात पडली!"

दुकानदार सुरेंद्रनं घडी उचलली, नाकाशी नेली अन् लगेच दूर धरली.

"हासू नको. सावली गावच्या बाजारातल्या बाया खाली बसून एकेक झिंगा पाहत होत्या. तवा कुठी हा स्क्रू भेटला." तिनं कागदाची पुडी सोडली. आतला स्क्रू तिळाएवढा.

मागच्या स्टुलावर तिचा बाप इस्तारी बसला होता. "हळू बोल ना बाई. मच्छीबाजार नोहे हा."

"मच्छीबाजार असता तं बरं झालं असतं, बाबा. तिथी सडका माल वापस घेतात."

घडी विलायती होती. इस्तारीनं आलापल्लीच्या सागवानवाल्या शेठची गाडी जिंदगीभर चालवली. शेठनं धंदा बंद केला त्या दिवशी सोताच्या हातातली घडी काढून इस्तारीच्या हातात घातली. पट्टा पोलादी, एकेक कडी बारक्या स्क्रूनं जोडलेली. बुढा ती घालून तलावात जाळं टाकाले बी जाये.

मंग तो बिमार पडला. पोटात गाठ निंघाली. गडचिरोलीच्या दवाखान्यातून औषध सुरू झालं. डाक्टर म्हणे, औषध आपलं काम करन, पण बुढ्यानं खाल्लं पाह्यजे. अन् बुढा खाये नाई. कमरेवरून घसरती पॅन्ट दाखवे अन् ताट सरकवून दे. "मी तं चाललो. अन्न कायले नासवता?"

दामिनीनं समजावलं, भांडली, रडून पाह्यलं. काई फायदा नाई.

शेवटी तिची माय देवकाबाईनंच तोड काढली. म्हणे, "कपड्याचा काय भरोसा? कपडा ताणते, फाकते. घडी पाहा ना आपली. पोलाद का खोटं बोलते?"

तवापासून रोज सकाळी देवकाबाई सोताच्या हातानं बुढ्याले घडी घाले. पट्ट्याखाली बोट घालून पाहे. "पाहा, मापात हाय." बुढा मनगट हलवून पाहे. घडी हाले नाई. मंग म्हणे, "वाढ मंग. रस्सा जास्त दे." कधी कधी तं दुसऱ्यांदा भात मांगे. दामिनी बाजारातून येताना त्याच्यासाठी वाघूर मच्छी वेगळी काढून ठेवे.

मधात घडी बंद पडली म्हणून सुरेंद्रकडे सर्विसिंगले देल्ती. चालाले लागली, पण तवापासूनच पट्ट्याचे स्क्रू ढिले. अन् काल हे झालं.

काल घडी पडली तशी देवकाबाई रडालेच लागली. "दुकानात नेऊ नको," म्हणे, "मीच बसवतो." दामिनीले रागच आला. अंधूक डोळ्यानं सुई ओवता येत नाई, अन् विलायती घडी बसवते म्हणे! पण घडी हातात नाई, तं बुढा जेवन कसा? सकाळीच तिनं थैली उचलली. बुढा बी चप्पल घालून तयार. "मी बी येतो," म्हणे.

सुरेंद्रनं डोळ्याले भिंग लावलं. पट्टा इकडून तिकडून फिरवला.

"ताई, मी बराबर आवळले होते. हे आपोआप निंघत नाईत. पट्टा लहान करतानी कडी काढा लागते, तवा..."

"लहान कायले करू?" दामिनी उसळली. "बारीक झालेल्या माणसाचा पट्टा लहान करतात. माहा बाप बारीक झाला का? बाबा, हात द्या तुमचा." तिनं घडी बुढ्याच्या मनगटावर ठेवून पट्टा जुळवून दाखवला. "पाह्य. बोट बी जात नाई. सालभरापासून औषध सुरू हाय, पण मनगट जसंच्या तसं. हे बोल आता."

सुरेंद्रनं मनगटाकडे पाह्यलं. मंग पट्ट्याकडे. मंग त्याचे ओठ हलले, जसा काई कड्या मोजून राह्यला. त्यानं मान वर केली तं इस्तारी त्याच्याकडेच पाहत होता.

"माहीच चूक असन ताई," सुरेंद्र म्हणाला.

"असन नाई, हायच!"

"हायच. आता असं करतो, स्क्रूले पक्कं गोंद लावून देतो. एकदा वाळलं का जिंदगीत कोणाच्या बापाले खोलता येनार नाई."

"हे आधी नाई सुचलं?" दामिनीचा आवाज उतरला. तिले आता जराशी लाजही वाटली. "रागावू नको भाऊ. या घडीवर आमच्या घरची चूल पेटते, म्हणून बोललो. एखाद दिवशी ये सावलीले, झिंगे खाऊ घालतो."

"याच झिंग्यायचा वास हाय ना घडीले?"

"चूप बे!" ती हासली. इस्तारी बी हासला.

बाहेर सावलीच्या गाडीचा हॉर्न वाजला. दामिनीनं थैली उचलली, छत्री इसरली, वापस येऊन घेतली. "बाबा, मी गाडी थांबवतो. तुमी हळूहळू या. धावू नका!"

ती रस्त्यावर जाऊन डायव्हरवर वरडाले लागली, ते दुकानात ऐकू येत होतं.

सुरेंद्रनं स्क्रू चिमट्यात धरला अन् गोंदाची बाटली उघडली. तवाच इस्तारीनं त्याचा हात धरला.

"गोंद नको लावू, बाबू. ढिलेच ठेव. बुढीले डोळ्यानं दिसत नाई, पुढची कडी काढाले तिले लय तरास होईन."