येतो म्हण

"जातो रं," बाजीराव म्हणाला, आणि निवृत्तीने त्याची बाही धरली.

"आरं जातो काय? येतो म्हण!"

"जमिनीत चाललोय लेका. जाणारा माणूस जातोच म्हणणार."

त्र्याऐंशीचा उन्हाळा. आखातातल्या उम सईद गावाच्या पुढच्या टेकड्यांवर वाळू फुफाट्यासारखी तापली होती. टीव्हीच्या मालिकेत वाळवंट एका चोराला गिळतं, असा देखावा घ्यायचा होता. चोराचं काम करणारा नट खड्डा बघूनच गाडीत जाऊन बसला. मग डायरेक्टर नसरुद्दीनने सेटच्या सुताराकडे, म्हणजे बाजीरावकडे, बोट दाखवलं. खड्डा त्यानेच केला होता आणि उंचीही जुळत होती. नटाचा थोब, म्हणजे पायघोळ पांढरा अरबी झगा, त्याच्या अंगावर चढला.

करामत तशी सोपी. पायाखाली वाळूने झाकलेली फळी. फळी ओढली की वाळूसकट माणूस खाली. खड्ड्याच्या कुशीत लाकडी पेटी. तिच्यात सरकायचं, दार लावायचं आणि वर वाळू भरत असताना गप पडायचं. श्वासाला एक रबरी नळी, निवृत्तीच्या पाण्याच्या टँकरची. तिचं दुसरं टोक कॅमेऱ्यामागे निवृत्तीच्याच हातात. दोघं एका गावचे, इथे शहरातल्या अल मुंतझा भागात एका खोलीत राहणारे. दुसऱ्या कुणाच्या हातात आपला श्वास द्यायला बाजीराव तयार नव्हता.

"बाज्या, हौसावहिनीला मी काय तोंड दाखवू? नुसतं येतो म्हण. पाया पडतो तुझ्या."

"यल्ला!" नसरुद्दीन ओरडला.

बाजीरावने डोळा मारला. फळी सरकली. आधी गुडघे गेले, मग कंबर, मग डोकं. शेवटी एक पंजा तेवढा वर राहिला आणि टाटा करून गेला. हा आगाऊपणा त्याचा स्वतःचा, नसरुद्दीनने सांगितलेला नव्हता. मग वाळू सपाट झाली. इतकी सपाट, की इथे आत्ता कुणी उभं होतं हे शपथेवर सांगूनही पटलं नसतं.

निवृत्तीने नळी तोंडाशी धरली. "बाज्या, येतो म्हण."

मग कानाला लावली. आत कुणी तांदूळ पाखडत असावं तसा आवाज येत होता. तोही थांबला.

"येतो म्हण रं!"

त्याने नळी झटकली, पुन्हा कानाला लावली.

कॅमेरा चालूच. नसरुद्दीनला रिकामी वाळू अजून हवी होती, तिच्यावरून वारा फिरताना हवा होता. त्याने ओठांवर बोट ठेवून निवृत्तीकडे डोळे वटारले. निवृत्तीच्या हाताचा घाम नळीवरून ओघळत राहिला.

"खलास!" नसरुद्दीनने हात वर केला. शॉट संपला.

फावडी आली, पण त्याआधीच निवृत्ती नळी काखेत धरून हातांनी उकरायला लागला होता. पेटी अजून बरीच खाली होती, तोच वाळूतून एक मनगट वर आलं. सगळ्यांनी मिळून ओढलं. बाजीराव बाहेर आला. भुवया, पापण्या, मिशा, सगळं वाळूचं. तो निघाला तशी कडेची वाळू घसरली आणि खड्डा पुन्हा भरून गेला. टाळ्या पडल्या. नसरुद्दीनने त्याला मिठी मारली आणि नटाला हाका मारत तो गाडीकडे पळाला.

निवृत्तीला हसावं की रडावं कळेना. "गाढवा, एक शब्द बोलायला तोंड दुखत होतं?" त्याने थर्मासचं झाकण भरून पाणी पुढे केलं.

बाजीरावने ते घेतलं नाही. तो निवृत्तीकडे बघत होता, नव्या माणसाकडे बघावं तसा.

तेवढ्यात निवृत्तीच्या काखेत नळी थरथरली.

"येतो रं बाबा, येतो!" आत बाजीराव खोकला. "किती वरडतोस? दार अडकलंय हितं. आधी उकरा तरी!"

समोरचा बाजीराव सावकाश वाकला. त्याने मूठभर वाळू उचलली. निवृत्तीच्या काखेतून नळीचं टोक अलगद काढून घेतलं आणि ती मूठ आत रिकामी केली.

"खलास," तो म्हणाला.