विषाणूचा लगाम

अळ्या तिसऱ्याच दिवशी मेल्या. काळ्या पडून, मऊ होऊन डब्यांच्या झाकणांना लटकल्या होत्या. शेजारच्या चार डब्यांतल्या अळ्यांनाही तोच रोग होता, पण त्या आपल्या मजेत बेसन खात बसल्या होत्या. देवश्रीला नाचावंसं वाटलं.

वाटणारच. तुरीच्या शेंगा पोखरणाऱ्या या अळीला मारणारा एक विषाणू असतो. तो अळीतच वाढवायचा, मेलेल्या अळ्या वाटून गाळायच्या आणि ते पाणी तुरीवर फवारायचं. औषध बिनविषारी, पण भलतंच सुस्त. तोवर अळी शेंगा फस्त करते. याच विषाणूत देवश्रीला एक मायक्रोआरएनए सापडला होता. इवलासा रेणू, पण आपल्याच विषाणूची वाढ रोखून धरणारा. तिने तो काढून टाकला आणि विषाणू सुसाट सुटला.

स्वतःचा लगाम कुणी स्वतःच का ओढेल, असं ती धैर्यशील सरांना सारखी विचारायची. सर तिचे मार्गदर्शक. ते हसून म्हणायचे, ते त्या विषाणूलाच ठाऊक. मात्र चार डबे जुन्या विषाणूवर ठेव, एवढं त्यांनी बजावलं होतं. बाकी रांगच्या रांग तिने नव्यावर लावली. पादरा गावाहून आणलेली तूर विभागाच्या बंदिस्त काचघरात शेंगांवर आली होती. सोमवारी तिच्यावर या नव्या विषाणूची फवारणी. ती हुकली, तर शेंगा आणि परवानगी दोन्ही पुढच्या वर्षीच, आणि प्रबंधही. नागरवाड्यातल्या घरून आईचा रोज फोन यायचा, गुजराती वळणाच्या मराठीत. अळ्यांना बेसन आणि लेक उपाशी, बस कर ने आता.

शनिवारी तिने मेलेल्या अळ्या वाटल्या, गाळल्या, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. विषाणू जेमतेम. एक कुंडीसुद्धा फवारून झाली नसती. रात्रभर तिला झोप नाही.

जुन्या विषाणूच्या अळ्या रविवारी, आठव्या दिवशी मेल्या. त्या चार डब्यांतून निघालेल्या विषाणूने बाटली तुडुंब भरली.

सर आले, तेव्हा ती दोन मेलेल्या अळ्या शेजारी ठेवून बघत होती. नव्या विषाणूची तांदळाच्या दाण्याएवढी, जुन्याची करंगळीएवढी.

"म्हणजे उद्याची फवारणी रद्द," सर हळूच म्हणाले.

तिने मान हलवली. वर्ष गेलं होतं, डोळेही भरून आले होते. पण अळीवरची नजर काही हटेना.

"सर, एवढे दिवस तो लगाम ओढून अळीला पोसत होता," ती म्हणाली. "स्वतःसाठी."