पैकीच्या पैकी

“तिथे जाऊन बाईंचं मन राखत बसू नकोस गं,” बाळंतपणानंतर समुपदेशनाला जाताना नणंदेने तिला बजावलं होतं. तिने ते हसण्यावारी नेलं. भेट संपली की समुपदेशक बाई विचारायच्या, “आज मला किती गुण?” बिचाऱ्या जीव ओतून ऐकतात, म्हणून ती पैकीच्या पैकी द्यायची, आणि घरी बाळ झोपलं तरी येरझाऱ्या घालायची.

आज बाई म्हणाल्या, “गुण राहू देत. माझं काय चुकतं ते कळलं, तर उपचार जास्त लागू पडतात, असं संशोधन सांगतं.”

तिने पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली.

“तुम्ही झोपेचंच विचारता, ताई. बाळाला आंघोळ घालताना मला माझ्याच हातांची भीती वाटते, ते कुणी विचारतच नाही.”

तुमच्या घरातली नवी आई ‘छान चाललंय’ म्हणाली असेल, तर आज तिला पुन्हा विचाराल?