मिठाची कॉफी

दारात बूट काढायलाच तुंजायला इतका वेळ लागला, की मुलीकडची मंडळी पाहुण्यांच्या सपाता हातात धरून ताटकळत उभी राहिली. शेवटी त्याची आई नेर्मिन खाली बसली आणि तिनेच नाड्या सोडल्या. एकतीस वर्षांचा घोडा मुलगी मागायला आलाय आणि त्याचे बूट आई काढतेय. खाली बसलीच आहे, तर तिने मोज्यावरून त्याचा अंगठा चिमटीत धरून करकचून दाबला.

"लागतंय गं, आई," तो लगेच म्हणाला.

म्हणणारच. बघतच होता तो. गेला आठवडाभर हेच चाललं होतं. ती पायाला हात लावायची, तो आधी तिच्या हाताकडे बघायचा आणि मग त्याला लागायचं.

उंची वाढवायची म्हणून त्याने स्वतःच्या धडधाकट नडग्या कापून घेतल्या होत्या आणि आत सळ्या बसवल्या होत्या. सळी रोज केसभर लांबवायची, मधल्या फटीत नवं हाड भरत जातं. हाड बिचारं भरत होतं. नसा मात्र ताणून ताणून किती ताणणार? डॉक्टरांनी मायलेकांना समोर बसवून बजावलं होतं: पावलं बधिर व्हायला लागली तर त्याच दिवशी यायचं, सळ्या थोड्या मागे घ्याव्या लागतील. उशीर केलात तर पावलं जन्माची लुळी पडतील.

मागे घ्यायच्या म्हणजे उंची कमी. आणि जिला मागणी घालायची ती एसिन त्याच्याहून बोटभर उंच होती. आज अंगठ्या घालताना तिच्या शेजारी ताठ उभं राहायचं, पुढचं पुढे बघू, असा याचा हिशोब. एसिनला त्या बोटभर उंचीचं कधी काही वाटलं नव्हतं. पण तिला विचारलंय कोणी? तिच्या घरी तर सांगितलं होतं, मुलगा जिन्यावरून पडला.

तुंजाय कुबड्यांवर, चवड्यांवर टुकटुक चालत बैठकीत आला आणि सोफ्यावर बसला; नेर्मिन त्याच्या उजव्या बाजूला. एसिनच्या आजीने त्याला नखशिखान्त न्याहाळलं.

"दोन्ही पाय एकदम मोडले?"

"हो, आजी."

"आणि टाचा का टेकत नाहीत?"

"सूज आहे थोडी."

"उंच झालेला दिसतोस."

तुंजायने कुबड्या सोफ्याला नीट टेकवून ठेवल्या.

"सुजेने असेल," आजी म्हणाल्या. "माझ्या गुडघ्यांना वीस वर्षं सूज आहे. मी मेली काही वाढले नाही."

नेर्मिनने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सोबत आणलेला तिचा भाऊ, रेफिक मामा, मागणी घालायला जय्यत तयारीत बसला होता. कॉफी झाली की तो बोलणार, मुलीचे वडील हो म्हणणार, अंगठ्या होणार, चॉकलेटं वाटली जाणार. मग हा पठ्ठ्या लग्नाच्या फोटोंपर्यंत कळ काढणार. कळ काढणार म्हणजे तरी काय, कळ असायला तर हवी.

एसिन ट्रे घेऊन आली. मागणीच्या दिवशी नवऱ्या मुलाच्या कपात साखरेऐवजी मीठ असतं आणि त्याने तोंड वाकडं न करता ते संपवायचं असतं. मुलगा संसारात किती सोसेल, ते म्हणे त्यावरून कळतं. एसिनने हात अगदी सैल सोडलेला दिसत होता, कारण कप देताना तिला हसू आवरत नव्हतं.

तुंजायने पहिला घोट घेतला. सगळ्यांचे डोळे त्याच्या तोंडावर आणि त्याचे एसिनवर. आठवड्यात पहिल्यांदाच तो आईच्या हाताकडे बघत नव्हता.

नेर्मिनने आपला कप ओठाला लावला. चटका बसला. मग तिने कप गुडघ्यावरून खाली नेला आणि हळूच कलता केला. कॉफी त्याच्या उजव्या पावलावर पडली, काळ्या मोज्यात मुरली आणि उरलेली ओघळून दोन्ही पावलांच्या मधे गालिच्यावर साचली.

तुंजाय हसतच होता. त्याने शेवटचा घोट गिळला, ओठांवरचं मीठ चाटलं आणि रिकामा कप सगळ्यांना दाखवला. आजींनी टाळ्या वाजवल्या.

"पोरगा सोसणारा आहे हो," त्या म्हणाल्या. "चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही."

नेर्मिनला वाटलं, उठून याच्या एक थोबाडीत द्यावी, निदान तिथे तरी लागेल. तिचा संशय खरा होता. रेफिक मामाने घसा खाकरला.

"थांब रे," ती भावाला म्हणाली. "आत्ता काही मागू नकोस."

टाळ्या थांबल्या. एसिनने नेर्मिनच्या हातातल्या कलत्या कपाकडे बघितलं, मग गालिच्याकडे. हळूहळू सगळ्यांच्याच माना खाली वळल्या, तशी तुंजायचीही वळली. त्याच्या दोन पावलांच्या मधे काळा डाग पसरत होता आणि त्यातून अजून वाफ निघत होती.

मिठाने जे तोंड वाकडं झालं नव्हतं, ते त्याने आता चांगलं वाकडं केलं.

"आई गं! भाजलं ना मला!" तो कळवळला आणि त्याने दोन्ही हातांनी डावं पाऊल धरलं.

एसिनने ट्रे टेबलावर ठेवला.

"ते नाही, तुंजाय," ती म्हणाली. "दुसरं."