सामाईक प्रोफाइल

"ताई, यंत्र परत बंद पडनं," कोरीटचे रेशन दुकानदार उखाआप्पा फोनवर म्हणाले. "अकरा अंगठा झायात नि पडनं. तुम्हनं वायफाय शे का झोका? येस नि जास."

नमिरा गावोगावच्या वायफायचं कंत्राट घेतलेल्या कंपनीच्या नंदुरबारच्या ऑफिसात तंत्रज्ञ होती. अकरा हा आकडा तिला नवा नव्हता. परवाही अकरा, कालही अकरा.

"बारावं कोण आहे?"

"कौसाबाई. तीन दिनपाईन चकरा मारी ऱ्हायनी. आज महिनाना शेवटना दिन शे. आज अंगठा नही लागना ते तिन्हा गहू गया."

"फोन ठेवू नका," म्हणून ती मॅनेजर भूपेश सरांच्या केबिनच्या दारात गेली.

वायफायच्या नियमांचं प्रोफाइल त्यांनीच बदललं होतं. एका गावात पोरं पंचायतीच्या ओट्यावर रील बघत बसतात अशी तक्रार आली, म्हणून दर उपकरणाला दिवसाला अर्धाच तास, मग वायफाय बंद. सत्तावन्न गावांतले वायफायचे डबे त्या एकाच प्रोफाइलला जोडलेले. एका जागी आकडा बदलला की सत्तावन्न ठिकाणी बदलतो. रेशनचं यंत्र रील बघत नाही, हे डब्याला कळत नाही.

"सर, रेशन दुकानांचं प्रोफाइल वेगळं करू द्या. दहा मिनिटांचं काम आहे."

"एकाला सूट दिली की उद्या सगळे येतील." लॅपटॉपवर मॅच चालू होती, तिच्यावरून त्यांनी नजर काढली नाही. "नियम सगळ्यांना एकच, नमिरा. तू उगाच मनाला लावून घेतेस."

मॅच दहाला सुरू झाली होती. आता साडेबारा वाजले होते.

जागेवर येऊन तिने डब्यांची यादी उघडली. सामाईक प्रोफाइलमध्ये सत्तावन्न. अठ्ठावन्नावा डबा केबिनचा. तो एकटाच दुसऱ्या प्रोफाइलमध्ये. त्या प्रोफाइलचं नाव 'साहेब'. वेळेची मर्यादा: नाही.

तिचे कान तापले. तीन दिवस ती या माणसाला अर्ध्या तासाचा हिशेब समजावत होती.

तिने कोरीटचा डबा निवडला आणि 'साहेब'मध्ये टाकला. बदल करणाऱ्याच्या रकान्यात तिचंच नाव उमटणार होतं. उमटू दे. तिने 'लागू करा' दाबलं.

"आप्पा, यंत्रात आता वायफायचं वेगळं नाव दिसेल. ते निवडा. पासवर्ड सांगते."

"दिखनं. 'साहेब' लिखेल शे."

तिने पासवर्ड एकेक अक्षर करून सांगितला. पलीकडे रांगेत कुजबुज झाली. मग एक म्हातारा, दमलेला आवाज आला.

"आते हाऊ कोनता साहेब उना, उखा?"

"तूच शे, कौसामाय," उखाआप्पा म्हणाले. "ठेव अंगठा."