तंबूची शिवण

पहिला थेंब कपाळावर पडला तेव्हा तिला हायसं वाटलं, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

"गळतंय का गं?" शेजारच्या अंथरुणावरून नवऱ्याने विचारलं.

"थोडंसं."

तो गुडघे धरत उठून बसला. दुपार असूनही बाहेर अंधारून आलं होतं. उंच झाडांच्या कोवळ्या पालवीवरून पाऊस निथळत होता आणि झाडांपलीकडे समुद्र गरजत होता. लग्न झालं त्या वर्षापासून दर वसंतात ती दोघं इथे मुक्कामाला येत, त्याने स्वतः शिवलेल्या याच तंबूत. तो शिंपी. त्याची शिवण उसवल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

"शिंप्याच्याच तंबूला गळती!" तो म्हणाला. "दिव्याखाली अंधार, दुसरं काय. हात थकले माझे."

"हाताला कशाला बोल लावता? कापड जुनं झालंय."

"कापडाला काय धाड भरलीय? शिवणच गेली."

निघायच्या आदल्या दिवशी तो दुकानात असताना तिनेच कात्रीच्या टोकाने ती शिवण उसवली होती. फक्त आपल्या उशीवरची, त्याच्या अंगावर थेंब पडू नये म्हणून. इथली ओल हल्ली तिच्या हाडांत शिरायची. पण मला झेपत नाही, हे सांगायचं कुठल्या तोंडाने? वर्षभर तो समुद्राच्याच गप्पा मारायचा. तंबूनेच हात टेकले, तर कुणाचं मन मोडणार नव्हतं.

घाईत तिने उसवलेलं तसंच सोडलं होतं. तो असं कधी करत नसे. उसवलं की उरलेल्या शिवणीला दोन्ही टोकांना गाठ मारायची, नाहीतर ती पुढे उसवत जाते, हे त्याने तिला नवी नवरी असताना चिडवून चिडवून शिकवलं होतं.

"आता पुढच्या वर्षी कसं?" तो म्हणाला. "तुझी एवढी हौस. थंडी सरली की पिशव्या काढून बसतेस."

पिशव्या ती काढायची, कारण त्याला शोधाशोध जमत नसे. ती कपाळ पुसत उठून बसली. मग तिचं लक्ष त्याच्या सदऱ्याकडे गेलं. खांदा पार भिजला होता.

"अगं बाई! तुमच्याही अंगावर गळतंय?"

"मघापासून. पाणीच ते, विरघळतोय थोडाच!" खोकत तो तंबूचे दोर आवळायला बाहेर गेला.

आपण गाठ मारली नाही, म्हणून शिवण उसवत त्याच्या उशीपर्यंत गेली. आत आला की सगळं सांगून टाकायचं, मग काय बोलायचं ते बोलू दे.

कुठवर उसवलंय ते बघायला तिने शिवणीवरून बोटं फिरवली. तिने उसवलेला भाग वीतभर पुढे जाऊन थांबला होता. त्यापुढे मधल्या खांबापर्यंत आणि खांबाच्याही पलीकडे शिवण धडधाकट होती. थेट त्याच्या उशीवर आल्यावर बोट पुन्हा फटीत गेलं.

त्या फटीच्या दोन्ही टोकांना बारीक, नेटक्या गाठी मारलेल्या होत्या.