खोटं बोलणारं कंठयंत्र

"आई, सांग यांना," मनवा अधिकाऱ्यांकडे बोट दाखवत म्हणाली.

कुमुदिनीबाईंचं स्वरयंत्र कर्करोगात गेलं होतं. आता गळ्यावर पट्ट्यानं बांधलेलं कंठयंत्र ओठांच्या हालचाली ओळखून त्यांच्यासाठी बोलायचं. त्यांचे ओठ हलले. "यंत्र उत्तम आहे," आवाज आला. बाईंनी संतापून मान हलवली.

"बघा! आई शिव्या देतेय आणि हे मेलं कंपनीचं कौतुक करतंय. करा चौकशी!"

"नाही करता येत," वैद्यकीय उपकरण नियंत्रण मंडळाचे अधिकारी खडपे तुटकपणे म्हणाले. "नव्या कायद्यानं आम्हाला स्वतःहून चौकशी सुरू करायला बंदी आहे. वापरणाऱ्यानं स्वतः बोलून तक्रार करायची. लेखी चालत नाही."

"कायदा कंपनीनं लिहिला का?"

"विधानसभेनं. आवाज खाली करा."

कुमुदिनीबाईंनी यंत्र ओरबाडून काढलं आणि टेबलावर आपटलं. मग दवाखान्यात शिकवलं होतं तशी त्यांनी हवा गिळली आणि ढेकरासारखे दोन शब्द बाहेर ढकलले.

"खोटं... बोलतं."

खडपे मागे सरकले. "याला बोलणं म्हणायचं?"

"मग काय म्हणायचं?" मनवा ओरडली.

खडपेंनी टेबलावरचं कंठयंत्र बाजूला सरकवलं. मग त्यांनी ध्वनिमुद्रण सुरू केलं.

"नाव, पत्ता, यंत्राचा क्रमांक, संपूर्ण तक्रार. सगळं याच आवाजात."

कुमुदिनीबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि पुन्हा हवा गिळली.